डबा शोधायला डहाणूला

"मावशी, अजून किती मीटर?"

डहाणू लोकलने सफाळं सोडलं तोवर हा प्रश्न चौथ्यांदा आला होता. किती वेळ नाही, किती स्टेशनं नाहीत, किती मीटर! माझा सात वर्षांचा भाचा खिडकीला नाक लावून बसला होता आणि त्याच्या हातातल्या माझ्या मोबाईलवरचा बाण अख्ख्या लोकलला उत्तरेकडे बोलवत होता. शेजारी त्याची चार वर्षांची बहीण आणि तिच्या मांडीवर एक हवाबंद डबा. डब्यात गोट्या, स्टिकर्स, एक छोटी लाल गाडी, चिमुकली वही आणि पेन्सिल. समोर ताई, डोळे मिटून. आठवडाभर टार्गेट्सशी झुंजून आल्यावर शनिवारी भल्या पहाटे घराबाहेर काढणारी धाकटी बहीण तिला त्या क्षणी अजिबात आवडत नव्हती.

तर, हा सगळा उपद्व्याप म्हणजे जिओकॅशिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात. सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची. डब्यातली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथेच परत. बस्स, एवढंच!

खेळाचा जन्म मोठा मजेशीर आहे. २००० सालच्या मेपर्यंत सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये अमेरिकन लष्कर मुद्दाम चूक घालत असे. शंभरेक मीटरचा घोळ सहज व्हायचा. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १ मेच्या रात्री ती चूक काढून टाकली गेली. आणि ३ मे रोजी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. काही दिवसांतच लोक ती शोधून मोकळेही झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत.

भारतात मात्र युरोप-अमेरिकेच्या मानाने हे डबे फारच विरळ. स्वतःचा अधिकृत डबा ठेवायचा, तर जागामालकाची परवानगी हवी, तिच्याशिवाय जमिनीत पुरायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर तरी लांब हवा आणि मुख्य म्हणजे त्याची देखभाल करता येईल इतक्या जवळ तुम्ही राहायला हवं. मुंबईकराने वीकएंडला जाऊन डहाणूत डबा टाकून यायचं, हे त्या नियमात बसत नाही. म्हणून आम्ही घरगुती आवृत्ती काढली. लपवणारे आपणच, शोधणारे आपलेच, नियम मात्र तेच.

आणि डहाणूच का? कारण २०१३ पासून चर्चगेटकडची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, गाडी काढायची कटकट नाही. शिवाय १९९१ मध्ये केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हापासून कारखान्यांवर बंधनं आहेत आणि वाड्या, खाड्या, टेकड्या बऱ्याच प्रमाणात टिकून आहेत. समुद्र आणि चिकूच्या बागा एकमेकांच्या इतक्या जवळ, की पोरांना पाच मिनिटांत सीन बदलून मिळतो. लहान मुलांच्या पेशन्सचा विचार करता हे फार महत्त्वाचं!

वाळूवरची रेघ

पहिल्या शोधाला आम्ही डबाच ठेवला नव्हता. शोधायची होती एक रेषा. वीस अंश उत्तर अक्षांशाची रेषा डहाणू आणि बोर्डीच्या मधून जाते. डहाणू रोड स्टेशन तिच्या जरासं दक्षिणेला आहे आणि बोर्डी उत्तरेला. म्हणजे डहाणूच्या किनाऱ्यावरून बोर्डीच्या दिशेने चालायला लागलं, की फोनवरचे १९ अंश ५९ मिनिटं आणि पुढचे दशांश सरसर वाढत जातात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम दोन मीटर, भाच्याची तीन-चार पावलं. रिक्षाच्या मीटरसारखे आकडे फिरताना बघून दोघंही येडी झाली. धाकटीला आकडे वाचता येत नाहीत, पण "नऊ नऊ नऊ आला की ओरड" एवढं तिला कळलं आणि पुढचा अर्धा किनारा तिने ओरडून काढला.

अखेर वीस अंश शून्य मिनिटं! भाच्याने काठीने वाळूत रेघ ओढली. तेवढ्यात ताई म्हणाली, "माझ्या फोनवर अजून नाही आलं." (तोवर ती जागी झाली होती, हे मी मनात नोंदवलं.) तिची रेघ माझ्या रेघेपासून पाच पावलं पुढे पडली. खरी कुठली? दोन्ही. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचं जीपीएस चारपाच मीटर इकडेतिकडे करतंच. मशीन चुकतं आणि तरी उपयोगी पडतं, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला वर्गात समजावून बघा!

"ही रेघ कुठे जाते?" त्याने विचारलं. पश्चिमेला अरबी समुद्र ओलांडून ओमानला. आणि पूर्वेला? नाशिकला, अगदी शहरातून. "म्हणजे आजीकडे?" मग रेघेवर उभं राहून आजीला फोन झाला. आजीला अक्षांशाचं काही पडलं नव्हतं, नाश्ता झाला का एवढंच तिने विचारलं.

लपवता कशाला?

आता एक कबुली. हे सगळं पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये मी एकटी रेकीला आले होते, तलासरीच्या बाजूला. हायवेपासून आत, एका पाड्याजवळ झकास झाड दिसलं. बुंध्याला खळगा, आजूबाजूला कुणी नाही. या खेळात एक शब्द आहे, 'मगल'. हॅरी पॉटरमधून घेतलेला. खेळात नसलेला माणूस तो मगल, आणि त्याच्या नकळत डबा ठेवायचा-काढायचा ही त्यातली शान. मी अगदी डिटेक्टिव्हच्या थाटात डबा खळग्यात सरकवला. वळून बघते तर मागे डोक्यावर मोळी घेतलेल्या एक बाई उभ्या. मग आणखी दोघं आले. काय ठेवलं, कुणी सांगितलं, कुठून आलात? मी डबा उघडून दाखवला, गोट्या दाखवल्या, मुलांचा खेळ आहे असं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांसाठी आहे, तर लपवता कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा उचलला, माफी मागितली आणि चहाच्या टपरीवर येऊन बसले तेव्हा हात जरा थरथरत होते. झाडाखाली कुणी अनोळखी माणूस काही ठेवून जातो, याचा अर्थ इथे करणी असाही लागू शकतो. जे खोड मला नुसतं खोड दिसतं, ते कुणाचं वाघोबाचं ठाणं असू शकतं. आणि चोर आल्याच्या अफवेतून काय होऊ शकतं, हे डहाणू तालुक्याने एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्यात पाहिलंय. मी मुंबईच्या बाईसारखी रानाला रिकामी जागा समजत होते. तो कुणाचा तरी शेजार होता.

त्यामुळे घरगुती आवृत्तीत आम्ही मूळ खेळाचा एक नियम उलटा केला. लपूनछपून काहीही नाही. आधी विचारायचं, दाखवायचं, मग ठेवायचं. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात 'हा मुलांचा खेळ आहे', आत काय आहे त्याची यादी आणि आपला फोन नंबर. स्टेशन, धरण, देवस्थान, शाळेचं कुंपण इथे डबा नाही म्हणजे नाही. बेवारस डब्याचं काय होतं ते लोकलने प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको.

जानेवारीतला डबा त्यामुळे ऑफिसमधल्या मित्राच्या ओळखीने घोलवडच्या एका वाडीत ठेवला. घोलवडचा चिकू म्हणजे २०१६ पासून जीआय मानांकन मिळालेला. बाकीची मंडळी जेवत असताना वाडीची राखण करणाऱ्या काकांना घेऊन मी तो ठेवून आले. नंतर पोरं फोन घेऊन आत शिरली आणि गंमत सुरू झाली. दाट पानांखाली सिग्नल गडबडतो, बाण दर दोन सेकंदांनी वेगळ्या झाडाकडे वळतो. दहा मिनिटांनी भाचा रडकुंडीला आला. काका बांधावर बसून बघत होते. धाकटी सरळ त्यांच्याकडे गेली. "आजोबा, आमचा डबा कुठेय?" त्यांनी सांगितलं नाही, पण विचारलं, "वाकलेलं झाड बघितलंस का कुठे?" पोरांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि झाडं बघायला लागली. डबा मिळाला तेव्हा लाल गाडी आपणच ठेवली होती हे विसरून धाकटीने खजिना मिळाल्यागत किंकाळी मारली.

हाताआधी काठी, हा तिथलाच नियम, काकांनी घालून दिलेला. पालापाचोळ्यात किंवा ढोलीत हात घालायचा नाही. खाऊ डब्यात ठेवायचा नाही, मुंग्या आणि माकडं दोघंही त्याचे शौकीन. पेनाऐवजी पेन्सिल, कारण दमट हवेत शाई पसरते. आणि पावसाळ्यात हा उद्योग बंद, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

डब्याशिवायचे शोध

तलासरीला नंतर आम्ही मुलांसकट गेलो, पण डबा न घेता. मूळ खेळातही असे बिनडब्याचे प्रकार आहेत, जागेवर जायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर आणायचं. आमची जागा होती तलासरी तालुक्यातलं झरी गाव. प्रश्न : १९४५ मध्ये इथे काय झालं? उत्तर गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने झालेल्या वारल्यांच्या परिषदेत आहे. सावकार-जमीनदारांची वेठबिगार करायची नाही, असं त्या मे महिन्यात इथे ठरलं. "वेठ म्हणजे होमवर्क?" असा प्रतिप्रश्न आला. बिनपगारी, मारून करून घेतलेलं काम, असं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

योगायोग बघा, त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, जे पुढे कोसबादच्या टेकडीवर गेलं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी अंगणवाडी काढली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. मुलं जिथे, तिथे शाळा. आपण ज्याला आउटडोअर लर्निंग म्हणून फी भरतो, ते या तालुक्यात कधीचं झालंय.

होळीच्या आधी पुन्हा घोलवडला गेलो, डब्याची देखभाल करायला. लाल गाडी गायब. गोट्याही. धाकटीचा चेहरा पडला. आत त्याऐवजी मूठभर चिंचोके, एक भोवरा आणि निळी काचेची बांगडी होती, आणि वहीत पेन्सिलने ओळीने अकरा नावं, प्रत्येकापुढे इयत्ता. काका म्हणाले, पलीकडच्या पाड्यावरची पोरं, शाळा सुटली की येतात, त्यांना सांगितलं होतं वस्तू घ्या तर वस्तू ठेवा. धाकटीने बांगडी हातात चढवून बघितली, कोपरापर्यंत गेली. भाचा मात्र वही घेऊन बसला होता, एकेक नाव वाचत, कपाळाला आठ्या घालून.

"मावशी, यांच्याकडे तर फोनच नव्हता," तो म्हणाला. "हे चीटिंग आहे."