गाडी की गडी?

पारावर फॉर्म्युला वनचा विषय निघाला की शिरूरकडची जुनी माणसं एका वाक्यात निकाल लावतात: "ज्याची गाडी भारी, तो पुढं." त्यांना असं वाटणं साहजिक आहे. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत गाड्याला चार बैल असतात, पुढं घोडी पळते आणि गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. बघता बघता बारी संपते आणि 'घाटाचा राजा' हा मान गाड्याला मिळतो. साताऱ्या-सांगलीकडं छकड्यावर माणूस असतो, म्हणून तिकडं हाकणाऱ्याच्या हाताचंही कौतुक होतं. आपल्याकडं ती सवयच नाही. त्याच घरातली कॉलेजातली पोरं मात्र बरोबर उलटं बोलतात: ड्रायव्हर वर्स्टॅपेनला ट्रॅक्टरवर बसवा, तरी पहिलाच येईल. दोघांच्याही हाताला थोडं थोडं खरं लागलंय, आणि तेवढ्यावरच दोघं अडून बसलेत.

"चांगला ड्रायव्हर कुठल्याही गाडीत जिंकतो"

हा समज मोडायला बहरीनमधली एक शर्यत पुरते. डिसेंबर २०२० मध्ये मर्सिडीज संघाच्या लुईस हॅमिल्टनला कोरोना झाला आणि त्याची जागा एका शर्यतीपुरती रिकामी झाली. तिथं विल्यम्स संघाच्या जॉर्ज रसेलला बसवलं. विल्यम्सकडून जवळजवळ दोन हंगाम पळूनही रसेलच्या नावावर एकही गुण नव्हता. मर्सिडीजची गाडी त्याच्या सवयीची नव्हती, पायातले बूटही नेहमीपेक्षा एक नंबर लहान होते. तरी पात्रता फेरीत तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या मर्सिडीजच्याच बोटासपेक्षा फक्त ०.०२६ सेकंदानं मागं! शर्यतीतही तो बराच वेळ सगळ्यांच्या पुढं होता. मग संघानं घाईत त्याच्या गाडीला चुकीचे टायर लावले, पुढं एक टायर पंक्चर झाला आणि तो नववा आला. एका आठवड्यात रसेलची गुणवत्ता वाढली नव्हती, बदलली ती गाडी. आणि त्याच्या हातून शर्यत गेली तीही त्याच्या चुकीनं नव्हे, पिटमधल्या माणसांच्या गोंधळानं.

आपल्या नारायण कार्तिकेयनकडंही याच नजरेनं बघायला हवं. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. २००५ साली इंडियानापोलिसला तो चौथा आला आणि पाच गुण मिळाले. पण त्या दिवशी मिशेलिनचे टायर तिथल्या कललेल्या वळणावर टिकेनात, म्हणून १४ गाड्यांनी माघार घेतली आणि प्रत्यक्षात सहाच पळाल्या. जॉर्डन संघाला ब्रिजस्टोनचे टायर होते, म्हणून कार्तिकेयन त्या सहांत होता. पुढं २०११ आणि २०१२ मध्ये एचआरटी या कमकुवत संघाकडून पळताना ऑस्ट्रेलियात दोन्ही वर्षी त्याला शर्यतीला उभंच राहता आलं नाही. सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत फेरी पुरी करावी लागते, आणि एचआरटीच्या दोन्ही गाड्यांना ते जमलं नाही. चौथा क्रमांक बघून त्याला डोक्यावर घेणं जितकं भाबडं, तितकंच ऑस्ट्रेलियातले आकडे दाखवून त्याला नावं ठेवणंही.

"म्हणजे सगळं गाडीचंच, कोणीही बसला तरी चालेल"

जुन्या माणसांचा हा मुद्दा जास्त वजनदार आहे, म्हणून तो जरा नीट बघू.

शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९५० ते २०१४ पर्यंतचे निकाल घेऊन हिशेब मांडला. चांगले ड्रायव्हर चांगल्या संघातच जातात, मग श्रेय कुणाचं ते कसं ओळखायचं? त्यांनी दोन गोष्टींचा आधार घेतला: एकाच संघातले दोन सहकारी, आणि संघ बदलणारे ड्रायव्हर. निष्कर्ष असा आला की ड्रायव्हर आणि संघ यांच्यामुळं निकालांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ८६ टक्के संघामुळं आणि १४ टक्के ड्रायव्हरमुळं. शहरातल्या रस्त्यांवरच्या ट्रॅकवर संघाचं वजन कमी होतं.

हा १४ चा आकडा हाती आला की लोक घसरतात. ड्रायव्हिंग हे १४ टक्क्यांचं काम आहे, असं हा आकडा म्हणत नाही. तो फरकाबद्दल बोलतो. फॉर्म्युला वनच्या सुरुवातीच्या रांगेत असतात फक्त वीस-बावीस जण, लहानपणापासून कार्टिंग करत, हजारोंतून गाळून आलेले. त्यांच्यात आपसांत तफावत उरते ती फेरीमागं सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागाची. गाड्यांमधली तफावत कधी कधी अख्ख्या सेकंदाची असते. मग तक्त्यावर गाडीच जास्त दिसणार. तिथं तुम्हा-आम्हाला बसवलं, तर ब्रेक मारताना मानेवर येणारा वजनाच्या चार-पाच पट ताण सोसता सोसताच फेरी संपेल आणि १४ टक्क्यांचा हिशेब तिथंच कोलमडेल.

आणि उरलेला बारीक फरकसुद्धा किती मोठा होतो, ते २०२३ चा हंगाम सांगतो. रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. गाडी भारी होती, वादच नाही. पण त्या २१ पैकी १९ वर्स्टॅपेनच्या आणि २ सर्जिओ पेरेझच्या. गुण ५७५ आणि २८५. गाडी तीच, इंजिन तेच, मेकॅनिकही त्याच संघाचे, तरी एकाच्या गुणांच्या निम्मे गुणही दुसऱ्याला जमले नाहीत. हा पेरेझ काही ऐरागैरा नव्हे. रसेलच्या हातून निसटलेली ती बहरीनची शर्यत पहिल्याच फेरीत शेवटी पडूनही ज्यानं जिंकली, तो हाच.

"इंजिन दणकट आणि खिसा भरलेला, की झालं"

रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. २०१६ पर्यंत फेरारी ही कंपनी याच फियाटच्या घरातली होती, त्यामुळं आपल्या तालुक्यात फेरारीबद्दल थोडी भाऊबंदकीची आपुलकी असली तर नवल नाही. पण फेरारीकडं नाव, पैसा, स्वतःचं इंजिन असं सगळं असूनही तिच्या ड्रायव्हरनं शेवटचं जगज्जेतेपद मिळवलं २००७ साली, किमी रायकोननच्या रूपानं. २०२५ चा हंगाम संपला तरी पुढच्या जगज्जेतेपदाची वाट बघणं चालूच आहे.

इंजिनाचं उत्तर २०२४ नं दिलं. मॅकलारेन, ॲस्टन मार्टिन आणि विल्यम्स हे तिन्ही संघ मर्सिडीजकडून इंजिन घेत होते. संघांच्या तक्त्यात मॅकलारेन पहिला, खुद्द मर्सिडीज चौथा, ॲस्टन मार्टिन पाचवा आणि विल्यम्स नववा. इंजिन विकणारा गिऱ्हाइकाच्या मागं राहिला. वळणावर गाडी जमिनीला किती चिकटून राहते, टायर किती फेऱ्या टिकतात, हवा कुठून कशी जाते, हे सगळं इंजिनाबाहेरचं काम आहे. ते शेकडो अभियंते करतात. म्हणून 'गाडी विरुद्ध माणूस' हा वादच मला थोडा लंगडा वाटतो. गाडी म्हणजेही माणसंच, फक्त हेल्मेट न घातलेली.

पैशाला तर २०२१ पासून लगामच आहे. संघांच्या खर्चाला त्या वर्षी १४.५ कोटी डॉलरची मर्यादा घातली गेली. गंमत अशी की ड्रायव्हरचा पगार त्या मर्यादेत धरत नाहीत. शिवाय जो संघ वर, त्याला वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल) चाचणीसाठी वेळ कमी मिळतो.

"सारख्या गाड्या द्या, मग खरा ड्रायव्हर कळेल"

बऱ्याच अंशी खरं आहे. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननं २०१० मध्ये पोलो कप सुरू केला तो याच विचारानं. फॉर्म्युला टूमध्येही सगळ्यांना एकच चॅसी आणि एकच इंजिन. तिथं शर्यत जिंकणारा पहिला भारतीय मुंबईचा जेहान दारूवाला, आणि तो जिंकला तो दिवसही ६ डिसेंबर २०२०, जागाही बहरीनच, रसेलच्या त्या शर्यतीच्याच दिवशी. पण सारख्या गाड्या असल्या तरी सगळे संघ सारखे होत नाहीत. स्प्रिंग किती कडक ठेवायची, टायर कसे जपायचे, हे जुन्या मुरलेल्या संघाला जास्त कळतं. आणि त्या संघातली जागा फुकट मिळत नाही. कार्टिंगपासून तिथवर पोचायला जो पैसा लागतो, तो नसल्यानं घरी बसलेल्या पोरांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. मला तरी या खेळातला सर्वांत मोठा अन्याय गाडीपेक्षा हाच वाटतो.

रॅलीचं गणित आणखी निराळं. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या वाळवंटात डकार क्लासिक पुरी केली. तिथं जुन्या गाड्या असतात आणि सर्वांत वेगानं पळणाऱ्यापेक्षा ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक राखणाऱ्याला मान असतो. गाडीनं टिकायचं आणि माणसानं चुकायचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर शर्यत लागली की पहिला कोण आला ते बघून वाद घालू नका. शनिवारच्या पात्रता फेरीचा तक्ता उघडा आणि एकाच संघाच्या दोन नावांमधला वेळेचा फरक बघा. तेवढा फरक ड्रायव्हरचा. संघासंघांतला जो फरक उरतो, त्याचं बहुतेक श्रेय कारखान्यातल्या माणसांचं.