खाजा घ्यावा तो जत्रेतच

कार्तिकी पौर्णिमा आली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागतो. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, असं करत तो महाशिवरात्रीच्या कुणकेश्वरापर्यंत येऊन पोचतो. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा सुरुवातीलाच असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल मिळाला की दिवस जाहीर होतो आणि मुंबईतल्या चाकरमान्यांची गाडीच्या तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. पण खाण्यापिण्याची खरी मजा गावच्या लहान जत्रेत. एक देऊळ, समोर दशावतारासाठी मोकळं अंगण आणि वाटेच्या दोन्ही कडांना मांडलेली दुकानं.

त्यातलं हमखास गर्दीचं दुकान खाज्याचं. बेसनाची बोटभर लांब, जाड शेव आधी तेलात खुसखुशीत तळून घेतात. दुसऱ्या कढईत गुळाचा पाक चढतो, त्यात ठेचलेलं आलं पडतं. सगळी कसोटी या पाकाची. कच्चा राहिला तर कांड्या एकमेकींना चिकटून लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतो; जास्त झाला तर गूळ दगडासारखा होतो किंवा शेवेवरून खपली होऊन गळतो. म्हणून कारागीर पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. मग कढई खाली उतरवून शेव आणि तीळ टाकायचे आणि हात न थांबवता उलथत राहायचं. पाक निवत जातो तसा घट्ट होतो, आणि चिकट, चमकदार कांडी बघता बघता कोरडी, खडबडीत, फिकी होते. त्या दोन-चार मिनिटांत कारागीर कोणाशी बोलत नाही. गरम खाजा तोंडात टाकला की आधी गूळ, मग बेसनाचा खमंगपणा आणि शेवटी घशाशी आल्याचा झणका. थंडीच्या रात्री या झणक्याला तोड नाही.

जत्रा रात्रीची, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. पालखीची प्रदक्षिणा आटोपते, मग मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. गणपती येतो, संकासुर येतो आणि मग आख्यान रंगत जातं ते पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत. एवढं जागायचं तर पोटाला आधार हवा. त्यामुळे कांदाभजीची कढई आणि चहाचं आधण रात्रभर उतरत नाही. युद्धाचा प्रवेश सुरू झाला, पखवाज तापला, की चहाच्या दुकानापुढचे बाक रिकामे होतात; तो संपला की पुन्हा भरतात. भजी जागच्या जागी संपवायची. खाज्याची पुडी मात्र मांडीवर उघडी ठेवून एकेक कांडी सावकाश चघळत नाटक बघायचं.

शिवाय खाजा घरी न्यावाच लागतो. कोरडा असल्याने हवाबंद डब्यात तो बरेच दिवस टिकतो, म्हणून लेकीच्या सासरी, मुंबईच्या भावाकडे, जत्रेला येऊ न शकलेल्या म्हाताऱ्या शेजारणीकडे त्याच्या पुड्या जातात. रिकाम्या हाताने परतलात तर "जत्रेचां खाजां हाडलंस नाय?" हे ऐकावं लागतंच. गोव्यातही देवळांच्या जत्रांत आणि चर्चच्या फेस्तात हाच पदार्थ असतो. तिथल्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता मालवणी खाजा प्लॅस्टिकच्या पाकिटात बारा महिने मिळतो. वाईट नसतो, पण आल्यात हात आखडता घेतलेला असतो, आणि आलं कमी पडलं की राहतो तो नुसता गोड शेवेचा तुकडा. जत्रेतल्या कारागिराचं तसं चालत नाही. गावोगावच्या जत्रांमागून फिरणारी ही कुटुंबं दरवर्षी त्याच देवळापुढे, त्याच गिऱ्हाइकांसमोर बसतात. चव बिघडली तर पुढच्या वर्षी तोंडावर ऐकावं लागतं. हे हिवाळ्याचे तीन-चार महिनेच त्यांच्या कमाईचे.

तेव्हा या हंगामात कोकणात असाल तर ज्या दुकानात कढई पेटलेली आहे, तिथेच थांबा. एक कांडी मागून मोडून बघा: कट्कन तुटली पाहिजे आणि आतली शेव पोकळ, कोरडी दिसली पाहिजे. आल्याचा वास आला की भाव न करता किलोभर बांधून घ्या.