यंत्र आणि राजदूत

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'सफीर' म्हणतो, त्याला मराठीत 'राजदूत' म्हणतात. दोन देशांमध्ये बोलणी करणे, तह करणे, भांडण मिटवणे या कामाला 'मुत्सद्देगिरी' असा शब्द आहे. त्यातील 'मुत्सद्दी' हा शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आलेला आहे.

या कामात एकेका शब्दाला फार किंमत असते. १८८९ साली इथिओपिया आणि इटली या देशांत वुचाले येथे तह झाला. तो दोन भाषांत लिहिला होता. परदेशांशी व्यवहार करताना इथिओपियाच्या सम्राटाला वाटल्यास त्याने इटलीची मदत घ्यावी, असा अम्हारिक मजकुराचा अर्थ होता. ती घेतलीच पाहिजे, असा इटालियन मजकुराचा अर्थ होता. म्हणजे देशाचे स्वातंत्र्यच गेले! सम्राट मेनेलिक यांनी हा तह नाकारला. अखेर युद्ध पेटले आणि १८९६ मध्ये अडवा येथे इटलीचा पराभव झाला.

आज संगणकाला अफाट मजकूर देऊन शिकवले जाते. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. असा संगणक क्षणात भाषांतर करतो, लांबलचक कराराचा सारांश काढतो, दोन मजकुरांतील फरकही दाखवू शकतो. मात्र तो चुकतो, आणि चुकीची गोष्टही ठामपणे सांगतो. म्हणून शेवटी जाणत्या माणसाने मजकूर तपासावाच लागतो.

याच तंत्राने खोटेही रचता येते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगत आहेत, अशी बनावट चित्रफीत पसरली. त्यांनी लगेच लोकांसमोर येऊन ती खोटी असल्याचे सांगितले.

मग युद्धाचा निर्णय यंत्रावर सोपवावा काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग पेरू देशातील लिमा शहरात भेटले. अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, यावर दोघांचे एकमत झाले.

मुलांनो, यंत्र भाषांतर करते म्हणून भाषा शिकणे सोडू नका. ज्याला दोन्ही भाषा येतात, तोच यंत्राची चूक पकडू शकतो. यंत्र शब्द सुचवील. पण दिलेला शब्द पाळणे हे माणसाचेच काम आहे.