जुन्या विंडोजचा पडदा मोठा कसा करावा?

पेजमेकरमध्ये जुळवलेल्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि जत्रेच्या पत्रिका अनेक छोट्या छापखान्यांत सीडींवर पडून आहेत. त्यांतील मराठी युनिकोडपूर्व टंकांत असल्याने आजच्या संगणकावर केवळ रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. इनडिझाइनच्या सीएस ६ नंतरच्या आवृत्त्या तर पेजमेकरची फाइल उघडतही नाहीत. अशा वेळी नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन उभारून त्यात विंडोज ९८ चालवणे हा सोयीचा उपाय ठरतो. मात्र पहिल्याच दिवशी निराशा पदरी येते: पडदा ६४० × ४८० एवढाच आणि रंग अवघे १६. त्यात पान जुळवायचे तरी कसे?

दोष विंडोजचा नाही. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी तिला समोरच्या ग्राफिक्स कार्डाची भाषा जाणणारा ड्रायव्हर लागतो. व्हर्च्युअल मशीनमधील कार्ड प्रत्यक्षात नसतेच. ते सॉफ्टवेअरने रचलेले असते. व्हर्च्युअलबॉक्सचे असे कार्ड १९९८च्या विंडोजला ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून ती सर्वांना समजणाऱ्या साध्या व्हीजीए पद्धतीवर येऊन थांबते.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, विंडोजला नवा ड्रायव्हर देण्याची. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’मध्ये विंडोज ९८साठी काहीच नाही, एक्सपीसाठी मात्र आहे आणि तिथे ती सीडी जोडून, स्थापना करून मशीन पुन्हा सुरू केले की काम संपते. ९८साठी ‘व्हीबीईएमपी’ हा सार्वत्रिक ड्रायव्हर वापरतात. कार्डाच्या बायोसमधील वेसा या सामायिक मानकाच्या आधारे तो मोठा पडदा आणि भरपूर रंग मिळवून देतो. डिस्प्लेच्या गुणधर्मांत ‘सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘अ‍ॅडॅप्टर’ असे जाऊन ‘चेंज’ निवडावे आणि ‘हॅव डिस्क’मधून त्याची फाइल दाखवावी. यात रेखाटनाचा सारा भार प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे पान वरखाली सरकवताना थोडा संथपणा जाणवतो.

दुसरी वाट मला अधिक चतुर वाटते. विंडोजला बदलण्याऐवजी कार्डच तिच्या ओळखीचे द्यायचे! क्यूएमू या मोफत प्रणालीत सिरस लॉजिक जीडी ५४४६ या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८सोबतच येत असल्याने ती ते आपणहून ओळखते आणि १०२४ × ७६८चा पडदा मिळतो. क्यूएमू आज्ञा टंकून चालवावी लागते, हीच काय ती अडचण.

कोणतीही वाट धरली तरी ड्रायव्हर बदलण्यापूर्वी मशीन बंद करून तिच्या डिस्कफाइलची प्रत काढून ठेवावी. नंतर पडदा काळाच राहिला, तर सुरू होताना एफ ८ दाबून ‘सेफ मोड’मध्ये जावे व नवा ड्रायव्हर काढून टाकावा. तेही न जमल्यास ती प्रत आहेच.

आणखी एक गोष्ट: जुन्या मराठी टंकप्रणालींपैकी कित्येकींना प्रिंटरच्या जागी लावायचे हार्डवेअर लॉक असे. पडदा कितीही मोठा झाला तरी ते लॉक सापडल्याशिवाय ती प्रणाली सुरू होणार नाही. तेव्हा आधी कपाटे शोधावीत.