‘सैरंध्री’वर बंदी? नव्हती हो!

बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ या मूकपटाचा विषय निघाला की कुणीतरी ठसक्यात सांगतंच, “ब्रिटिशांनी बंदी घातली, रिळं जाळली, म्हणून तो आज बघायला मिळत नाही.” ऐकायला झकास आहे, पण ही बंदी भलत्याच गोष्टीवरची.

बंदी आली ती नाटकावर. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, सबुरीचे सल्ले देणारा धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलंच. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये हाच अर्थ उलगडून दाखवलाय, शंका असेल त्यांनी पुस्तक उघडावं. ते पुस्तक 1910चं, आणि नाटकावरची बंदीही 1910चीच.

दहा वर्षांनी, बंदी कायम असताना, त्याच नाटकावरून कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ काढला. 1920च्या फेब्रुवारीत तो पुण्याच्या आर्यन थिएटरात राजरोस लागला. टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. बंदी घातलेल्या चित्रपटाचं असं कौतुक होतं होय? कात्री लागली ती एका प्रसंगाला : भीम कीचकाला ठार करतो तो. तो इतका अंगावर येणारा वठला होता की गाळावा लागला. राजद्रोहाचा त्यात संबंध नाही. खाडिलकरांचे झोंबणारे संवाद मूकपटात येऊन येऊन येणार किती? पाटीवर मावतील तेवढेच!

मग मूकपट गेले कुठे? त्या काळची फिल्म नायट्रेटची. दमट हवेत ती आधी चिकट होते, मग तपकिरी भुकटी. वर तिच्यात चांदी. खेळ संपले की रिळं भंगारात विकून ही चांदी काढून घेत. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले, त्यातले तुकड्यांसकट जेमतेम तीसेक उरले. एवढ्या सगळ्यांवर काय साहेबाने बंदी घातली होती?

पेंटरांचा ‘सैरंध्री’ रंगीत होता, असंही म्हणतात. रंगीत ‘सैरंध्री’ वेगळा : तो प्रभात फिल्म कंपनीचा, शांतारामबापूंचा, 1933चा बोलपट.

पडद्यावर बायका याच चित्रपटात प्रथम दिसल्या, हेही चूक. फाळक्यांच्या 1913च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई होत्या.

आणि मूकपट म्हणजे थिएटरात शांतता नव्हे. पडद्यासमोर पेटी-तबला चालू असायचा.

तुमच्या माळ्यावर फिल्मची जुनी पत्र्याची डबी निघालीच, तर ती उन्हात ठेवू नका, काडी जवळ नेऊ नका, भंगारात तर मुळीच घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.