हयसर कसला टेन्शन?

कामाचा ताण म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुणे-मुंबईतली ऑफिसं येतात. 2024 मध्ये पुण्यात एका बड्या लेखा कंपनीत लागून चारच महिने झालेली 26 वर्षांची सनदी लेखापाल तरुणी गेली. तिच्या आईने कंपनीप्रमुखांना लिहिलेलं, कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवणारं पत्र देशभर वाचलं गेलं. तेव्हापासून हे चित्र आणखी घट्ट झालं: ताण म्हणजे काचेची इमारत, लॅपटॉप आणि साहेब.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या तारकर्लीत यातलं काहीच नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला देवबागच्या टोकाला समुद्राला मिळणारी कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि माडांखाली निवास-न्याहारीची घरं. इथल्या माणसाला विचाराल तर तोच म्हणेल, ‘हयसर कसला टेन्शन? समोर दर्या आसा.’ मुंबईचा माणूस पैसे मोजून जिथे ताण घालवायला येतो, तिथेच तो तयार होत असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. गैरसमजाची सुरुवात इथूनच होते.

‘ताण हा खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार’

उलट आहे, आणि हे कळून आता बरीच वर्षं झाली. 1967 पासून लंडनमधल्या सरकारी नोकरांचा जो मोठा अभ्यास झाला, तो ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जातो. जबाबदारीचं ओझं वरच्या साहेबांवर, तेव्हा हृदयविकारही त्यांनाच जास्त, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, निरोप्या-शिपायासारखी कामं करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटेना. 1985 मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात या फरकाचा एक मोठा धागा सापडला: आपल्या कामावर आपला ताबा किती. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने 1979 मध्येच म्हटलं होतं की नुसतं काम जास्त असण्यापेक्षा काम जास्त आणि त्यातलं काहीच आपल्या हातात नाही, ही जोडगोळी माणसाला जास्त खाते.

आता ही मोजपट्टी तारकर्लीला लावून बघा. बोटीवरच्या पोऱ्याने कधी निघायचं हे भरती-ओहोटी, वारा आणि बोटमालक मिळून ठरवतात. स्कुबाच्या मुलाच्या हाताखाली कोण येणार, त्याला पोहता येतं का, तो पाण्यात घाबरून तोंडातली नळी काढणार का, हे पाण्यात उतरल्यावरच कळतं. खोल्या झाडणाऱ्या बाईला खोली कधी रिकामी होणार हे पावण्याच्या झोपेवर. खोलीचा भाव बुकिंगच्या ॲपवर शेजाऱ्याने किती उतरवला त्यावर. मागणी भरपूर, ताबा शून्य. पुस्तकातलं उदाहरण शोधायला व्हाइटहॉलपर्यंत जायची गरज नव्हती.

‘आपलाच धंदा, आपणच मालक, मालकाला कसला ताण?’

हा गैरसमज मला सगळ्यांत हट्टी वाटतो, कारण तो मालकाचा स्वतःचाच असतो.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर मालवणच्या किनारपट्टीवरच्या कितीतरी मच्छीमार घरांनी मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या, दोनच्या चार. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली, कर्लीत हाउसबोटी आल्या, तारकर्लीत स्कुबाचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. चार पैसे आले हे खरंच. पण घर आणि कामाची जागा एक झाली, आणि काम संपलं असं म्हणायला उंबरठाच उरला नाही.

त्यातही हे ओझं पडतं कुणावर? घरच्या बाईवर. पहाटे घावणे, नऊपर्यंत चहा-न्याहारी, मग चादरी, मग सुरमई-बांगडा साफ करण्यापासून सोलकढीपर्यंत दुपारची थाळी, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा थाळी, आणि साडेअकराला ‘काकू, गरम पाणी मिळेल का?’ या बाईला कुणी कामगार म्हणत नाही, उद्योजक तर नाहीच. ती ‘घरचं बघते’. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. मे महिन्यात या बाईचे 55 तास गुरुवारपर्यंतच भरतात.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, साप्ताहिक सुटी दिली. पण दहा किंवा अधिक कामगार असतील तर. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही अट वीस कामगारांवर आणि दिवस दहा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. दहा असोत की वीस, नवरा, बायको, सासू आणि हाताखाली दोन मुलं असं घर या मोजणीत कधीच येत नाही.

शिवाय हसायचं. अर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं: पगार फक्त हातापायांच्या कामाचा मिळत नाही, चेहऱ्यावरच्या भावाचाही मिळतो. आत एक आणि बाहेर दुसरं असं तासन्‌तास वागणं थकवतं, हे त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पूर्वी पावणो नाराज झाला तर पुढल्या वर्षी येत नसे, एवढंच. आता तो पंखा कुरकुरतो म्हणून एक तारा देऊन जातो आणि तो तारा वर्षभर मोबाइलमध्ये लुकलुकत राहतो. कष्ट आणि मोबदला यांचा मेळ तुटला की तब्येत बिघडते, अशी मांडणी जर्मन संशोधक योहानेस सिग्रिस्ट यांनी 1996 मध्ये केली. मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबर मानही धरला होता.

‘पूर्वीची माणसं किती राबायची, त्यांना नव्हता ताण’

राबायची हे निर्विवाद. पण रापण कशी ओढतात ते आठवा. होडीतून जाळं अर्धगोलात टाकायचं, मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं लावून ओढायचं. अंग मोडून काढणारं काम. तरी कधी टाकायची ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, मासळीचे वाटे ठरलेले, जाळं रिकामं आलं तर सगळ्यांचंच रिकामं. कष्ट प्रचंड, पण निर्णयात हिस्सा, सोबत माणसं आणि वाटपाचा ज्ञात नियम. कॅरासेकच्या मांडणीत हे काम धोक्याच्या रकान्यात सहजी पडत नाही.

रापणीचं गोडगुलाबी चित्र मला काढायचं नाही. पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीने किनाऱ्याजवळची मासळी आटते म्हणून पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आहेत. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तो वाद शमला नाही. रापणीची मिळकत भरवशाची राहिली असती तर इतकी माणसं पर्यटनाकडे वळलीही नसती. सांगायचं एवढंच की ताण कष्टाच्या मापात मोजता येत नाही. रापणकराचा नातू एसीची खोली भाड्याने देतो, आजोबाच्या निम्माही घाम गाळत नाही, आणि तरी रात्री दोनला जागा असतो, याचं आश्चर्य वाटायला नको.

‘पावसात चार महिने आरामच की!’

जलपर्यटन 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतं. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. बाहेरच्याला हे म्हणजे भरपगारी रजा वाटते. पगार मात्र नसतो.

विश्रांती आणि रिकामं बसणं यात फरक आहे. विश्रांती म्हणजे हप्ता भरलेला आहे, सप्टेंबरात काम आहे हे ठाऊक असताना झोपणं. इथे खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता जूनमध्येही येतो, बोट किनाऱ्यावर ओढून झाकायची असते, आणि पुढचा सीझन कसा जाईल ते कुणी सांगू शकत नाही. उत्पन्नाची अनिश्चिती हा कामाच्या ताणाचा स्वतंत्र, चांगला अभ्यासलेला प्रकार आहे. जोखीम प्रत्यक्षात आली नाही तरी नुसती टांगती राहूनही ती झोप आणि मनःस्थिती बिघडवते. देवबागला तर पावसाळ्यात समुद्र घराच्या मागे किती आत आला हे रोज बघावं लागतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने हीच पट्टी झोडपली. टाळेबंदीने दोन सीझन गेले होते, त्यावर हे.

‘सीझन सरलो काय सगळा ठीक होतला’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. सुटीचा परिणाम काम पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, असं सुटीवर गेलेल्यांच्या अभ्यासांतूनही दिसतं. म्हणजे तारकर्लीला येऊन गेलेल्या आयटीवाल्यालाही तेच लागू. माणसाला सावरायला वर्षातून एकदा मोठी सुटी पुरत नाही. रोजची झोप आणि आठवड्याचा एक दिवस लागतो. तो नेमका सीझनमध्येच मिळत नाही.

‘मन घट्ट असलं की झालं’

घट्ट मनाच्या माणसाचाही रक्तदाब वाढतो. ताणाच्या वेळी शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, ते थोड्या वेळापुरतं उपयोगीच असतं. महिनोन्‌महिने सुटत राहिलं तर झोप, पचन, साखर, रक्तदाब, पाठ-मान सगळ्यांवर खुणा उमटतात. माणूस डॉक्टरकडे ‘पित्त झालंय’ म्हणून जातो आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परततो.

झोपेचं तर मोजमापच आहे. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्यासारख्या मंदावतात, असं प्रयोगांत आढळलं आहे. पहाटे चारला कुडाळ स्टेशनवरून पावणे आणून, दिवसभर बोट फिरवून, रात्री बाजारात गाडी घेऊन जाणारा माणूस एक थेंबही न पिता त्या अवस्थेत असतो.

‘अपघात झाला, आपण वाचलो, विषय संपला’

24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा मृत्यू झाला. चूक कुणाची हा इथला विषय नाही. पण अशा वेळी पाण्यात उडी मारणारे, माणसं बाहेर काढणारे हात बहुतेकदा याच धंद्यातले असतात, आणि त्यांची नोंद मदत करणारे एवढीच होते. नंतरच्या आठवड्यांत झोप उडणं, तेच दृश्य पुन्हा दिसणं, पाण्यात उतरायला नको वाटणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिन्यापलीकडे टिकलं तर उपचार लागतात आणि ते उपलब्ध आहेत.

इथे एक उलटा गैरसमजही आहे: लगेच बसवून सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं. अशा एका बैठकीतल्या सक्तीच्या ‘मोकळं करण्या’चा फायदा अभ्यासांत दिसला नाही, काहींना अपायच झाला. जेवण, झोप, घरचं माणूस जवळ, आणि बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकणारं कुणी. सुरुवातीला एवढं पुरे.

‘थोडा योगा, थोडं समुपदेशन’

शहरातल्या कंपन्यांचा हा लाडका उपाय आता रिसॉर्टांपर्यंत पोचू लागला आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताणमुक्तीचे वर्ग, ध्यानाची ॲप, मानसिक लवचिकतेचं प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात जवळपास फरकच नव्हता. योग वाईट असं नाही. पण रात्री साडेअकराचं गरम पाणी प्राणायामाने बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाची रचना बदलण्याच्या उपायांना मानाचं स्थान आहे.

तारकर्लीत हे अवघड आहे, अशक्य नाही. स्वयंपाकघर रात्री दहाला बंद, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं. भर सीझनमध्येही आठवड्यातला एक दिवस एक खोली रिकामी ठेवण्यापेक्षा सगळ्याच खोल्या एक दिवस बंद ठेवायच्या, आणि शेजारच्या घराशी ते दिवस वाटून घ्यायचे. हवा बिघडली तर बोट न सोडण्याचा निर्णय ज्याचं त्या दिवसाचं भाडं बुडणार त्या एकट्यावर सोडायचा नाही. सगळ्यांना एकच नियम असला की ‘शेजारचा सोडतो, मी का नको’ ही ओढाताणच उरत नाही. एकमेकांचे भाव पाडणाऱ्या घरांना हे पटणं कठीण, हे मान्य. रापणीचे वाटे ठरवणाऱ्या गावाला ते नवीन नाही, एवढंच.

पिऊन आलेल्या पावण्याचं बाईशी बोलणं-वागणं हाही धंद्याचाच भाग, अशी आणखी एक समजूत आहे. ती काढूनच टाकायला हवी. 2013 चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी कायदा बाहेरून येणाऱ्या ग्राहकापासूनही संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकतो, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईला जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. रोजंदारीवरच्या बाईलाही.

मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड लागणं, हा समज मात्र दोन ओळींत संपवतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क केला आहे, नाव गुप्त ठेवण्याचाही. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलाही फोन उचलला जातो.