फोलिक ॲसिड : दिवस राहण्याआधीपासून

आपल्या जिते, हमरापूर, पेण भागात गरोदर बाईला आशाताईंकडून लाल गोळ्या मिळतात. आपण त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतो. रक्त म्हटलं की लोह आठवतं. पण त्या गोळीत लोहाच्या जोडीला फोलिक ॲसिडही असतं. हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व, ब-९. पालेभाज्या आणि कडधान्यांत ते नैसर्गिक रूपात असतं, त्याला फोलेट म्हणतात.

त्याच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतून गेली आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना तीव्र रक्तक्षय व्हायचा, कित्येकींचा जीव धोक्यात यायचा. त्यांचा आहार निकस होता. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा, म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा, अर्क देऊन पाहिला आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव फोलिक ॲसिड पडलं.

शरीरात नव्या पेशी तयार व्हायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. त्या आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी होतात. मग थकवा येतो, धाप लागते, चेहरा फिकट पडतो.

पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेवढ्यात पुष्कळदा पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं! नळी उघडी राहिली तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष राहतो. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायकांचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. फोलिक ॲसिड दिल्यावर त्यांच्या पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

म्हणून आमचं सांगणं असं की, दिवस राहिल्यावर नव्हे, मूल हवं असं ठरवलं की लगेच आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करा आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. त्यानंतर लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी रोज, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फेफऱ्याची औषधं चालू असतील, तर डोस वेगळा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

आणि रोजचं ताट? भातकापणीनंतर आपल्या शेतात वाल पेरले जातात. वाल, चवळी, मूग, हरभरा, माठ, पालक, शेवग्याचा पाला यांत फोलेट असतं. ते पाण्यात उतरतं आणि उष्णतेने कमी होतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवून थोडा वेळच शिजवा. उकडलेल्या वालाचं पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला.

एक लक्षात ठेवा, रक्तक्षयाचं कारण ब-१२ ची कमतरता असेल, तर नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मासे, अंडी, दूध यांतून ब-१२ मिळतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी करून घ्या.

घरात नवी सून आली असेल, मुलीचं लग्न ठरलं असेल, तर सासूबाईंनी, आईने ही गोष्ट तिच्या कानावर जरूर घालावी. डोहाळजेवणापर्यंत थांबलं तर बाळाच्या कण्यासाठी ही वेळ निघून गेलेली असते.